टिटवीच्या फोटोबद्दल दोन शब्द

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, दुबई मरीनाहून शनिवारच्या ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर पोहोचलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर अंतराताई, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले आजचे सत्कारमूर्ती कुणाल, आपल्या मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, पक्षी-छायाचित्रण वर्गाचे माझे जुने आणि नवे विद्यार्थी, आणि मागून येणाऱ्या मसालेभाताच्या वासाकडे अजूनपर्यंत धीराने दुर्लक्ष करणारे सर्व बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना या सुलक्षणाचा मनःपूर्वक नमस्कार.

निवेदिकेने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. तिला बिचारीला कल्पना नाही. मी शारजाच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, मार्चअखेरीस निवृत्त झाले, आणि पुढच्या आठवड्यात कायमची भारतात परत चालले. अशा बाईच्या हातात माइक देणं धोक्याचं असतं. तेव्हा थोडा वेळ लागेल. अण्णासाहेब, आपण घड्याळाकडे बघू शकता, मला वाईट वाटणार नाही.

आज दोन समारंभ एकत्र केले आहेत. माझा निरोप आणि कुणालचा सत्कार. हॉलचं बुकिंग एकच करायचं म्हणून असेल, किंवा गुरू-शिष्य एका मंचावर छान दिसतात म्हणूनही असेल. कुणालच्या टिटवीच्या फोटोला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं, आपल्या मंडळाचं नाव लंडनपासून सिंगापूरपर्यंत पोहोचलं, आणि आजपासून माझ्या वर्गाची जबाबदारी तो घेणार आहे. हे सगळं आपण आत्ताच ऐकलंत. टाळ्याही वाजवल्यात. मीही वाजवल्या. हात आपोआप उठतात हो, काय करणार?

अंतराताईंनी आपल्या भाषणात त्या फोटोचं फार सुंदर वर्णन केलं. त्या म्हणाल्या, "पंख पसरून उभी असलेली ती टिटवी बघितली की वाटतं, एक आई आपल्या लेकरांना मिठीत घ्यायला हात पसरून उभी आहे." फोटोचं नावही 'आलिंगन' असंच आहे. परीक्षकांनीही तेच लिहिलं, मातृत्वाचा उत्कट क्षण. ताई, आपण डॉक्टर आहात, पक्ष्यांच्या नादी लागलेल्या नाहीत, आपल्याला जे दिसलं ते आपण मनापासून बोललात. त्यात आपली काहीच चूक नाही. पण ती मिठी नव्हती. ती काय होती, ते सांगायला मी उभी आहे.

आधी वर्गाबद्दल बोलते, नव्या मंडळींना संदर्भ लागेल.

हा वर्ग सुरू झाला शारजातल्या अल मजाजला, खालिद लगूनच्या कठड्यापाशी. आमच्या बिल्डिंगसमोरच. सकाळी चालायला येणाऱ्या चार बायका आणि त्यांच्या नवऱ्यांनी आणून दिलेले, बॉक्समधून न काढलेले कॅमेरे. दर शनिवारी उजाडताना आम्ही जमायचो. समोर पाण्यात बगळे, खांबावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. आणि यांचे फोटो बघाल तर काय! पक्षी बरोब्बर मधोमध, पोस्टाच्या तिकिटावर छापल्यासारखा. बगळ्याचे पाय कापलेले. मागून कोणाच्या तरी डोक्यातून इमारत उगवलेली. आणि फोकस कुठे? पक्षी सोडून पाठीमागच्या झाडाच्या पानावर! पान मात्र कसं शिरा मोजता येतील इतकं स्वच्छ.

मी एकच सांगायचे. डोळा. पक्ष्याचा डोळा शार्प असेल तर बाकी अंगभर धूसर असलं तरी फोटो जगतो. डोळा गेला की सगळं गेलं. कॅमेऱ्याला वाटेल तिथे फोकस शोधू देऊ नका, एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. दुसरं, पक्षी ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा, त्याला बघायला काहीतरी हवं ना? तिसरं, उभं राहून वरून फोटो काढू नका, खाली बसा, जमलं तर झोपा, त्याच्या नजरेच्या उंचीवर या. आमच्या एका मावशी पैठणी नेसून वाळूत पालथ्या झोपल्या होत्या, कारण वर्गानंतर त्यांना थेट बारशाला जायचं होतं. आणि चौथं, पार्श्वभूमी. मागे डबे, खांब, फळ्या असतील तर डोळा तिकडे जातो. मागचं स्वच्छ हवं. कसं करायचं? मी म्हणायचे, "यल्ला, उठा आणि सरका. दोन पावलं डावीकडे, नाहीतर उजवीकडे. तरी नाही जमलं तर खलास, तो फोटो आज आपला नाही. घरी जा, उपमा खा."

हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात असू द्या.

कुणाल वर्गात आला तेव्हा त्याचं घर शारजात आणि फॅब्रिकेशनचं वर्कशॉप अबू धाबीजवळ मुसफ्फात. आठवड्यातले निम्मे दिवस अबू धाबीत, निम्मे इथे. मंचावर आहे म्हणून अहो-जाहो करायला हवं, पण मला तो कुणालच. मेहनती मुलगा. म्हणजे मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप. पण माझ्यासमोर पहिल्या दिवशी असा उभा होता जसा गृहपाठ विसरलेला विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि क्लायंटचे फोन. डोकं फुटतं. काहीतरी शांत शिकायचंय."

आणि शिकला हो! वर्षभर त्याचा एक फोटो धड आला नाही, पण एक शनिवार चुकवला नाही. पहिल्यांदा त्याला बगळ्याचा डोळा पकडता आला तेव्हा तो मला दाखवायला कठड्यावरून इतक्या जोरात पळत आला की सकाळचे जॉगर बाजूला झाले. स्क्रीन मोठी करून दाखवत होता, "मॅडम, बघा, डोळ्यात सूर्य दिसतोय!" खरंच दिसत होता. त्या दिवशी मी घरी जाऊन यजमानांना सांगितलं, या वर्गातून कोणी एक निघणार असेल तर हा निघेल. मग त्याने ती मोठी लेन्स घेतली. तिची किंमत दिरहममध्ये ऐकली तेव्हा मी हूं म्हणाले. मनात रुपये केले तेव्हा खाली बसले. पण तिचा उपयोगही तो करायचा. माझ्याहून चांगला करायचा. हे मी पूर्वी खाजगीत म्हणत असे, आज जाहीरपणे म्हणते.

याच वर्गात अरफा होती. रायगडातल्या श्रीवर्धनची मुलगी, इथे फिजिओथेरपिस्ट आहे. बोलणं कमी, हसणं जास्त. तिचे फोटो साधे असत, पण तिला पक्षी आधी दिसायचा. आम्ही कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेलो असताना ती हळूच म्हणायची, "मॅडम, तो घाबरलाय. मागे होऊ या." आम्ही मागे व्हायचो. अरफा आज इथे नाही. का नाही, तेही येईलच.

गेल्या वर्षी मे महिन्यात कुणालचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, माझ्या वर्कशॉपच्या मागे टिटवीने अंडी घातलीत!" मी दुसऱ्याच सकाळी यजमानांना गाडी काढायला लावून मुसफ्फाला गेले. वर्कशॉपमागे मोकळा प्लॉट, खडी आणि वाळू. टिटवी घरटं बांधत नाही, जमिनीत जरासा खळगा करून त्यातच अंडी घालते. अंडी इतकी खडीसारखी की पाय ठेवेपर्यंत कळत नाही. इथे तिने जरा डोकं चालवलं होतं. एका वाळक्या झुडपाजवळ जागा धरली होती आणि त्या झुडपाला कुठल्यातरी खोक्याची प्लायवुडची फळी टेकून पडली होती. नऊनंतर त्या फळीची सावली बरोबर अंड्यांवर यायची. वर्कशॉपच्या एसीच्या पाइपातून पाणी ठिबकून जवळच डबकं झालं होतं. नर आणि मादी आळीपाळीने त्या डबक्यात जाऊन पोट भिजवायचे आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसायचे. मे महिन्यातली मुसफ्फाची खडी. त्या अंड्यांना ऊब नको होती, त्यांना गारवा हवा होता. आईबाप तो पाण्याने वाहून आणत होते.

आम्ही गाडीतच बसलो होतो. काच खाली करून मी थोडे फोटो घेतले, कुणालने घेतले. मी त्याला सांगितलं, "हे बघ, गाडीतूनच. खाली उतरायचं नाही. ऊन चढायच्या आत आटपायचं. आणि कोणाला घेऊन यायचं नाही."

कुणाल म्हणाला, "मॅडम, ती फळी मागे फार वाईट दिसतेय."

मी म्हणाले, "मग गाडी पुढे घे."

त्याने गाडी पुढे घेतली. फळी तरीही दिसत होती. मी म्हणाले, "मग नाही. पिल्लं बाहेर आली की ती चालत दुसरीकडे जातील, तेव्हा काढ."

"ओके मॅडम," तो म्हणाला.

त्यानंतर मी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला भारतात गेले. मी इथे नव्हते तेव्हा एका शनिवारी कुणाल वर्गातल्या काही जणांना तिथे घेऊन गेला. त्यांतले बरेच जण आज या हॉलमध्ये आहेत. नावं घेत नाही. ज्यांनी त्यांनी आपापलं आठवावं. अरफाही गेली होती. पुढचं मी तिच्याकडून ऐकलं, आणि मग खुद्द कुणालकडूनही ऐकलं. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता, हे मुद्दाम सांगते. कुणालने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

फळी उचलली. झुडूप वाळकंच होतं, ते उपटून बाजूला टाकलं. मग सगळे जण अर्धगोलात पालथे झोपले. नजरेच्या उंचीवर. टिटवी अर्थातच अंड्यांवरून उठली आणि डोक्यावरून ओरडत फिरायला लागली. नरही आला. दोघं कॅमेऱ्यांवर झेप घ्यायचे, वळायचे, पुन्हा यायचे. हे चालू राहिलं. ऊन वर आलं. शेवटी मादी अंड्यांच्या पुढे जमिनीवर उतरली, सगळ्यांच्या समोर, आणि तिने दोन्ही पंख पूर्ण उघडले.

अंतराताई, गाय किंवा माणूस अंड्यांवर पाय देईल असं वाटलं की टिटवी असं करते. आपण जेवढी आहोत त्याहून मोठी दिसायचा प्रयत्न करते. पळून जाणं शक्य असताना ती तिथे उभी राहते. फोटो पुन्हा बघाल तेव्हा चोच बघा. चोच उघडी आहे. ती ओरडते आहे.

मागे फळी नव्हती. झुडूप नव्हतं. सोनेरी वाळू, एकसारखी धूसर. डोळा असा शार्प की पापणीची कड दिसते. ती बघते आहे त्या बाजूला हवी तेवढी जागा सोडलेली. तांत्रिकदृष्ट्या, मित्रहो, मी त्या फोटोत अर्धा गुण कापू शकत नाही.

आणि फोटो मिळाला तरी ते उठले नाहीत. का? कारण ती पंख मिटायची आणि पुन्हा उघडायची. प्रत्येकाला आपला हवा होता. अरफा म्हणाली, "आता उठू या, कुणालभाई. अंडी उन्हात आहेत."

"दोनच मिनिटं."

ती पुन्हा म्हणाली. कोणीतरी म्हणालं, "हबीबी, रिलॅक्स. पक्षी वाळवंटातलाच आहे, त्याला सवय असते."

तिसऱ्यांदा ती बोलली नाही. उठली, सरळ चालत कॅमेऱ्यांच्या समोर गेली, आणि टिटवी तिच्या डोक्यावर झेपा घेत असताना तिने आपली ओढणी दोन्ही हातांत ताणून अंड्यांवर सावली धरली. मागून ओरडा झाला. "अरफा, फ्रेममध्ये आलीस! बाजूला हो!" एकाने विचारलं, तू पागल आहेस का. ती हलली नाही. मग ऊनही असह्य झालं, फोटोही मिळाले होते. सगळे वर्कशॉपमध्ये जाऊन लबान, म्हणजे थंडगार ताक, प्यायले. अरफाने ती फळी ओढत आणून परत जागेवर उभी करायचा प्रयत्न केला, पण टेकायला झुडूप राहिलं नव्हतं. फळी पडली. दगड लावून कशीबशी तिरकी उभी केली आणि ती निघून आली.

मी परत आले तेव्हा ती मला घेऊन तिथे गेली. आम्ही गाडीतून बघितलं. टिटवी अंड्यांवर बसली होती. मला वाटलं, देवाची कृपा, वाचलं सगळं. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. पिल्लं निघायचे दिवस आले आणि गेले. जून अर्धा सरला. ती बसलेलीच. डबक्यात जायची, पोट भिजवायची, धावत परत यायची, अंडी चोचीने हलवून नीट करायची आणि त्यांच्यावर बसायची. मेलेली अंडी होती ती. त्या शनिवारीच आतल्या आत शिजली होती. तिला कोण सांगणार? उन्हाने तिची चोच उघडी पडलेली, आणि ती आपलं पाणी वाहून आणतेय. एकदा यजमान डिकीतून पाण्याची बाटली काढायला उतरले, तर ती तशीच धावून आली, तसेच पंख उघडले. मेलेल्या अंड्यांसाठी.

माझ्या मांडीवर कॅमेरा होता. ऊन चांगलं होतं. पार्श्वभूमी स्वच्छ होती. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि यजमानांना म्हणाले, गाडीत बसा.

मग एक दिवस ती तिथे नव्हती. अंडीही नव्हती, कुत्र्याने नेली असतील.

मी कुणालला घरी बोलावलं. चहा केला. तो फोटो तोपर्यंत स्पर्धेला गेला होता. मी त्याला म्हटलं, "कुणाल, फोटो मागे घे."

त्याला खरोखर कळलं नाही. "का, मॅडम?"

मी सांगितलं. जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच. मला वाटलं, आता हा रडेल. तो म्हणाला, "वाईट झालं, मॅडम. पण अंडी तशीही वाचली नसती. मुसफ्फाला मांजरं आहेत, ट्रक आहेत. आणि बॅकग्राउंड क्लीन हवं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

कुणाल, तू इथे बसला आहेस म्हणून तुझ्यासमोर सांगते. त्या दिवशी मी नुसती कप उचलून आत गेले. पण उत्तर होतं. सरका असं शिकवलं होतं. तुम्ही सरका. ते नाही जमलं तर घरी जा. तुझ्यासारखा मनापासून ऐकणारा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही, आणि तू त्यातलं अर्धंच वाक्य घेऊन गेलास.

मी स्पर्धेच्या आयोजकांनाही ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं, सहभागी छायाचित्रकारांवर आमचा विश्वास आहे. फार सभ्य उत्तर होतं. त्यांनी माझ्या पक्षीप्रेमाबद्दल आभारही मानले.

मग मी अण्णासाहेबांकडे गेले. अण्णासाहेब, आपण या मंडळासाठी किती केलंत हे सगळे जाणतात. कोणाचा व्हिसा अडला, कोणाचं पार्थिव भारतात पाठवायचं झालं, की पहिला फोन आपल्याला येतो. माझ्या यजमानांची नोकरी गेली होती तेव्हाही आपणच उभे राहिलात, ते मी विसरलेले नाही. म्हणून तर आपल्याकडे आले. आपण माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. आणि म्हणालात, "सुलक्षणाताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण पक्षी आहे. पुन्हा घालेल अंडी. मंडळाचं नाव होतंय, त्यात आपणच कशाला विष कालवायचं?"

आपण वाईट हेतूने बोलला नाहीत. तेच तर मला झोंबलं. वाईट माणूस बोलला असता तर भांडता आलं असतं.

आणि अरफा? अरफाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घडलं ते चार ओळींत लिहिलं. कोणाला शिवी नाही, कोणाचं नाव नाही. तिला सांगण्यात आलं की ती निगेटिव्हिटी पसरवतेय. कोणीतरी लिहिलं, जिला साधा डोळा फोकस करता येत नाही तिने इंटरनॅशनल लेव्हलच्या फोटोवर बोलू नये. त्यावर हसण्याचे चेहरे आले. मी मोजले नाहीत, पण खूप होते. संध्याकाळी तिला ग्रुपमधून काढलं. काढणारा माणूस पहिल्या रांगेत बसला आहे, त्याने मान खाली घातली आहे. राहू दे.

आजच्या कार्यक्रमाला ये म्हणून मी तिला फोन केला. म्हणाली, "नको मॅडम. तुमचा निरोप आहे, मी आले तर लोक तुमच्याऐवजी माझ्याकडे बघतील. मी घरी येऊन भेटून जाईन." आली पण. आईने श्रीवर्धनहून पाठवलेल्या सुपाऱ्या घेऊन आली.

आता मुद्द्याचं. मंडळाने मला शाल, श्रीफळ आणि एक मोठी फ्रेम दिली. फ्रेमवरचा कागद मी आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या जरा बाजूला करून पाहिला. तोच फोटो आहे. कुणालने सही करून दिला आहे, 'माझ्या गुरूंना.' शाल मी घेते. नारळ घेते. फ्रेम या टेबलावर ठेवून जाते. कुणाल, हा तुझा अपमान करण्यासाठी नाही. ती भिंतीवर लावली तर मला रोज तो आवाज ऐकू येईल, आणि माझं घर लहान आहे.

दुसरं, वर्गाचं. आजपासून तो कुणाल घेणार हे मंडळाने ठरवलं आहे, माझ्या हातात काही नाही. पण नव्या बॅचची मुलं इथे समोर बसली आहेत, गळ्यात कॅमेरे घालून. मघाशी एका मुलीने मला विचारलं, "मिस, हाऊ डू आय गेट अ शॉट लाइक दॅट?" बाळ, कसा मिळाला ते तू आत्ता ऐकलंस. तुला तसा हवा आहे का, ते तू ठरव. तुझ्या आईवडिलांनी फी कुठे भरायची ते त्यांनी ठरवावं. अरफा वर्ग घेणार नाही, मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मला आता कॅमेरा घेऊन माणसांबरोबर जायचं नाही." एका भल्या मुलीच्या मनातून ही गोष्ट कायमची गेली, हेही त्या पारितोषिकाच्या हिशोबात कुठेतरी धरायला हवं होतं.

अण्णासाहेब, आपण घड्याळ बघितलंत. बरोबर आहे. आटोपते.

आभार मानायचे आहेत. शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांचे, त्यांनी माझे शनिवार कधी मागितले नाहीत. यजमानांचे, त्यांना पक्ष्यांतला कावळा सोडून काही ओळखता येत नाही तरी त्यांनी अर्धं अमिरात माझ्यासाठी गाडी चालवली. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे, त्यांचा मसालेभात माझ्यामुळे निवतो आहे. आणि कुणाल, तुझेही. कठड्यावरून पळत येऊन तू मला बगळ्याच्या डोळ्यातला सूर्य दाखवला होतास. तो दिवस माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, तूसुद्धा नाही.

माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल, समारंभाचा आनंद नासला असेल, आपल्या रीतीभातीत न बसणारं काही तोंडातून गेलं असेल, तर मला मोठ्या मनाने क्षमा करा. एवढी वर्षं तुम्ही मला आपलं म्हटलंत, शेवटच्या दिवशी मी असं बोलले, हे मलाही सोपं गेलेलं नाही.

एकच राहिलं. या वर्षी टिटवीने पुन्हा अंडी घातली आहेत. मुसफ्फाला नाही, दुसरीकडे. तीच जोडी की दुसरी, हे मला सांगता येणार नाही. अरफाला दिसली, तिने मला दाखवली, आम्ही लांबूनच बघून आलो. पूर्वी असं काही दिसलं की मी घरी पोचायच्या आत तुम्हा सगळ्यांना फोन लावायचे. पक्षी कुठे आहे हे विद्यार्थ्यांना सांगणं, यापलीकडे शिक्षिकेचं काम ते काय असतं? आज या हॉलमध्ये माझे इतके विद्यार्थी बसले आहेत, आणि ती जागा मी एकालाही सांगत नाही.

जेवताना मला विचारू नका. नमस्कार.